दोन दारांचं न्हाणीघर

आमच्याकडे पहिल्यांदाच कोणी आलं की मी त्याला थेट न्हाणीघर दाखवायला नेतो. लोक दिवाणखाना दाखवतात, गच्ची दाखवतात, काही जण तर नवा फ्रीज उघडून आतली भाजीसुद्धा दाखवतात. मी न्हाणीघर दाखवतो. बायकोला हे मुळीच पसंत नाही. "आलेल्या माणसाला आधी पाणी तरी विचारा," असं ती म्हणते. मी तिला सांगतो, पाण्याकडेच तर नेतोय.

आता तुम्ही म्हणाल, न्हाणीघरात एवढं बघायचं काय? तर ऐका. उंच छत. वर गजांची खिडकी, त्यातून सकाळी ऊन बरोबर पाठीवर येतं. खाली निळ्या-तांबड्या वेलबुट्टीच्या फरशा, ज्या आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. मधोमध बसायचा काळा दगड, पिढ्यान्पिढ्या बसून बसून गुळगुळीत झालेला. एक पितळी नळ. आणि समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक दादाचं.

वडिलांनी घर आम्हा दोघा भावांत वाटलं तेव्हा मधोमध एक भिंत घातली. भिंत पुढच्या दारापासून सरळ निघाली आणि मागे न्हाणीघरापाशी येऊन थबकली. न्हाणीघर कोणाचं, हा प्रश्न कोणी विचारायच्या आत वडिलांनीच सांगून टाकलं, "ते दोघांचं. अंघोळीवरून भांडणारी मुलं माझी नव्हेत." झालं! तेव्हापासून दोन घरं आणि एक न्हाणीघर असा आमचा संसार आहे.

याचा नियम अगदी सोपा आहे. आत गेलं की दोन्ही दारांना कड्या लावायच्या. बाहेर पडताना आधी पलीकडच्या दाराची कडी काढायची, मग आपली. हे पहिलं काम माणूस विसरला की पलीकडचं अख्खं कुटुंब अडकलं. मग वहिनी खांद्यावर टॉवेल टाकून पुढच्या दारी येते, घंटी वाजवते आणि फक्त दोनच शब्द बोलते, "भाऊजी, कडी." त्या दोन शब्दांत माझं सगळं शिक्षण, नोकरी आणि संस्कार निघतात. मी मुकाट्याने जाऊन कडी काढतो.

दादा मात्र तक्रार करायला कधी येत नाही. तो माझ्याहून बराच मोठा. सगळी नोकरी अग्निशामक दलात झाली. जळत्या घरांतून धडधाकट माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणलेला हा माणूस. आवाज असा, की तो न्हाणीघरात शिंकला तर माझ्याशी फोनवर बोलणारा "काय पडलं?" म्हणून विचारतो. आमचं भांडण आहे असं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. तो मूळचा अबोल आणि मी मूळचा मानी, त्यामुळे इतक्या वर्षांत आमचं बोलणं "काय?", "बरं" आणि "हं" यापलीकडे गेलेलं नव्हतं.

पण सकाळी पलीकडची कडी वाजते, बादली सरकते, दादा खाकरतो, तांब्याने अंगावर पाणी पडतं, हे सगळं मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. तेवढं ऐकलं की मला चहा गोड लागतो. भाऊ ठीक आहे, असं कळतं. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. अशा गोष्टी सांगितल्या की लोक आपल्याला हळवा समजतात, आणि मी घरातला कर्ता पुरुष आहे, असं माझं मत आहे.

एका सकाळी वहिनी पुढच्या दारी आली. खांद्यावर टॉवेल नव्हता.

"भाऊजी, हे आत घसरून पडले."

मी धावलो. निघायच्या बेतात असल्यामुळे दादाने दोन्ही कड्या आधीच काढल्या होत्या. दादा दगडाशेजारी फरशीवर, पाय पसरून, भिंतीला टेकून, कमरेला पंचा लावून बसला होता.

"पडलास?" मी विचारलं.

"पडलो नाही. बसलो."

"दगड सोडून?"

"इथे जागा मोकळी होती."

त्याला उठवायला मी हात पुढे केला, तर त्याने तो असा काही बाजूला सारला, की जणू मी त्याच्या खिशात हात घालत होतो. नळाला धरून, धापा टाकत, आपला आपण उठला. उठायला त्याला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दिवशी मी जाहीर केलं, की न्हाणीघर नवं करायचं. गळकी नळी बदलायची, सरकणाऱ्या फरशा पक्क्या बसवायच्या, दगड थोडा उंच करायचा. पण जुनेपण तसंच राहायला हवं. वेल तीच, नळ तोच, दारं तीच. "दादाला कळतासुद्धा कामा नये, की काही बदललंय," मी म्हणालो.

"मग बदलायचं कशाला?" बायको म्हणाली. बायकांना अशा वेळी नेमका प्रश्न कुठून सुचतो, देव जाणे.

ही बातमी शेजारी पोहोचायला वेळ लागला नाही. आमच्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली 'सल्लागार' म्हणते. ते पूर्वी नोकरी काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नाही, पण सल्ला द्यायचेच असणार. ते चपला न काढताच आत शिरले, न्हाणीघरात उभे राहिले आणि मान हलवू लागले. डॉक्टरने अशी मान हलवली तर नातेवाईक गावाला फोन लावतील.

"एक दार बुजवा," ते म्हणाले. "दोन दारांची खोली आणि दोन सासवांची सून, दोघींना सुख नाही. आणि या जुन्या फरशा उचला. सगळं पांढरंशुभ्र करून टाका. आमचं बघा कसं आहे! डोळे दिपतात."

डोळे दिपून घसरलेल्या माणसाने काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मात्र गवंडी त्यांनीच दिला. मी नको म्हणायच्या आत तो दारात हजर होता.

गवंड्याचा स्वभाव शांत होता. त्याला एकच शब्द फार आवडायचा. त्याने भिंत ठोकली आणि म्हणाला, "पाडू." जमीन ठोकली, "पाडू." मी घाबरून खिडकी दाखवली, "ही किती छान आहे बघा," तर तो कौतुकाने वर बघून म्हणाला, "तीपण पाडू." माझ्या अंगावर त्याची नजर पडली तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो.

शेवटी तह झाला. भिंती तशाच, खिडकी तशीच. फरशा एकेक करून अलगद काढायच्या, खालची जमीन पक्की करायची आणि त्याच फरशा त्याच जागी बसवायच्या. वेल जुळली पाहिजे म्हणून मी स्वतः प्रत्येक फरशीवर खडूने आकडा घातला. ओणवं राहून राहून कंबरेचा काटा ढिला झाला, पण काम असं चोख झालं की मी लेकीला बोलावून दाखवलं. "बघ, याला म्हणतात नियोजन."

मी कचेरीतून परत आलो तर दिवाणखान्यात सगळ्या फरशा लखलखत होत्या. बायकोने त्या एकूण एक घासून, धुऊन, पुसून ठेवल्या होत्या.

"किती घाण होत्या!" ती आनंदाने म्हणाली. "कोणीतरी वर खडूने काहीबाही लिहूनही ठेवलं होतं."

मी खाली बसलो. दादासारखा, जिथे जागा मोकळी होती तिथे.

त्यानंतर आमचा दिवाणखाना म्हणजे एक भलंमोठं कोडं झाला. लेक, बायको आणि मी गुडघ्यांवर रांगत वेल जुळवत होतो. हा देठ या पानाचा की त्या पानाचा, यावरून घरात मतभेद झाले. पाहुणे आले की त्यांना भिंतीच्या कडेकडेने चालवत नेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचं आणि परत जाताना तसंच कडेने आणायचं. एक पाहुणे जाताना म्हणाले, "कोपऱ्यातलं ते फूल उलटं आहे." आम्ही बघितलं तर खरंच उलटं होतं. त्यांना जेवायला थांबवून घेतलं आणि कामाला लावलं.

तोपर्यंत अंघोळीचं काय, हा प्रश्न होताच. दादा आणि वहिनी त्यांच्या मागच्या अंगणात आडोसा करून भागवत होते. आमच्या बाजूला अंगण नाही. मग सल्लागारांच्या त्या पांढऱ्याशुभ्र बाथरूमचा आश्रय घ्यावा लागला. रोज सकाळी खांद्यावर टॉवेल, एका हातात साबणाची डबी आणि दुसऱ्या हातात कपडे अशी माझी स्वारी गल्लीतून निघे. सल्लागार दाराबाहेर उभे राहून आतल्या माणसाला सूचना देत, "पाणी जपून! भिंतीवर शिंतोडे नकोत! साबण खाली ठेवू नका!" मी आयुष्यात इतकी भेदरून अंघोळ कधी केली नव्हती. एकदा परत येताना ऐन गल्लीत आमच्या कचेरीतले मोठे साहेब समोर आले, फिरायला निघालेले. मी पंच्यावर, डोक्याला फेस तसाच. साहेब थांबले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "रजेवर आहात का?" माणसाची अब्रू काचेच्या भांड्यासारखी असते म्हणतात. माझी त्या दिवशी साबणासारखी निघाली, हातातून सटकली ती गटारापर्यंत गेली.

एवढं झालं तरी मी खचलो नव्हतो. पण सल्लागारांनी विचारलं, "परवानगी घेतलीत ना?" आणि माझ्यातला सरळमार्गी नागरिक जागा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आपल्या पायाने चालत बांधकाम खात्याच्या कचेरीत गेलो.

तिथल्या अधिकाऱ्यांनी आमच्या घराचा जुना नकाशा काढला, फुंकर मारली, माझ्या नाकात धूळ गेली, आणि मी शिंकत असतानाच त्यांनी बोट ठेवलं.

"ही खोली. हिला दोन दारं आहेत?"

"आहेत," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हणजे एका दाराने आत शिरून दुसऱ्याने बाहेर पडता येतं?"

"येतं."

"मग ही खोली नाही. ही वाट आहे. नकाशात वाट म्हणूनच लिहिलंय."

"पण साहेब, आम्ही तिथे अंघोळ करतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "वाटेत?"

"हो. म्हणजे नाही. दारं लावून करतो."

"घरातले सगळेच?"

त्यांच्या आवाजात अशी काही कणव होती, की मला आमच्या घराण्याची लाज वाटू लागली. त्यांनी निकाल दिला. न्हाणीघर म्हणून मंजुरी हवी तर एक दार बुजवायचं. दोन्ही दारं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण मग नळ काढायचा आणि वाट मोकळी सोडायची. मी विनंती केली, हुज्जत घातली, शेवटी नुसताच हसलो. काही उपयोग झाला नाही.

दार बुजवायचं म्हणजे दादाचं किंवा माझं. ज्याचं बुजेल त्याने दुसरीकडे सोय करायची. पण माझ्या मनात वेगळंच होतं. दादाच्या दाराची कडी बंद झाली की त्याच्या घरातलं मला काहीच ऐकू येणार नव्हतं. तो उठला की नाही, पडला की बसला, काही कळणार नव्हतं. भिंत तर होतीच. एवढीच एक फट उरली होती, तीही लिंपायला निघाले होते. सबंध रस्ता मी अधिकाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत आलो.

घरी येऊन बघतो तर काय! गवंडी दादाच्या दारात विटा रचत होता. गुडघ्याएवढी भिंत उभी राहिली होती आणि तो आनंदाने थापी मारत होता.

"हे कोणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"पलीकडच्या साहेबांनी. मी म्हटलं पाडू का, तर म्हणाले बुजव." त्याच्या आवाजात खेद होता. पाडायला मिळालं असतं तर त्याला अधिक बरं वाटलं असतं.

मी त्या विटांवरून पाय टाकला आणि दादाच्या घरात शिरलो. इतक्या वर्षांत त्या दाराने मी पलीकडे कधी गेलो नव्हतो. दादा खुर्चीत बसला होता, काठी गुडघ्यांशी. वहिनी दारात उभी होती, आणि तिचे डोळे लाल दिसत होते.

"दादा, हे काय चाललंय?"

"मागे कोठीची खोली आहे," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिथे माझी सोय करून घेतो. तुमची कटकट मिटेल."

"कसली कटकट? कोणी म्हटलं कटकट?"

"म्हणायला कशाला लागतं? मला हल्ली वेळ लागतो. बसायला लागतो, उठायला लागतो. तुझी लेक कॉलेजला निघालेली असते, तुझी कचेरी असते. तू दाराबाहेर येरझाऱ्या घालतोस. चपला वाजतात तुझ्या. बहिरा नाही मी." तो थांबला. मग हळू म्हणाला, "माणसं खोळंबून उभी आहेत आणि मी आत दगडाला धरून बसलोय. नको वाटतं रे."

जो माणूस कधी तीन शब्दांपलीकडे गेला नाही तो एवढं बोलला, आणि सगळं उलटं समजून बोलला! माझा संयम सुटला.

"अरे, मी येरझाऱ्या कचेरीसाठी घालतो? माझ्या कचेरीत माझ्यावाचून आजवर कोणाचं काही अडलेलं नाही! मी ऐकत असतो. तुझा तांब्या वाजतोय ना, ते ऐकत असतो. आवाज थांबला की जीव खालीवर होतो माझा. मग बसवत नाही म्हणून फिरतो!"

दादाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "रोज?"

"रोज."

"हात्तिच्या," दादा म्हणाला.

मी आता थांबणार नव्हतो. "कोठीला दारं किती?"

"एक."

"एक! आणि तू जन्मभर लोकांना काय सांगत फिरलास? खोलीत शिरलात की आधी दुसरं दार शोधा. मला लहानपणी सिनेमा बघू दिला नाहीस, दुसरं दार दाखवेपर्यंत! आणि आता या वयात एका दाराच्या कोठीत जाऊन अंघोळ करणार?"

"तो नियम आगीचा आहे."

"माणूस अडकला म्हणजे अडकला. आग असो नाहीतर साबण. पडलास तर तुझ्या बाजूने एकट्या वहिनीने काय करायचं? मला यायला दार नको?"

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हेच मी सकाळपासून सांगत होते. पण बायकोचं ऐकलं तर अग्निशामक दलाची नाचक्की होते."

दादाने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग एकाएकी त्याच्या जुन्या आवाजात, ज्या आवाजाला वरच्या मजल्यावरची माणसं खाली उड्या टाकत असतील, ओरडला, "गवंडी! विटा उतरव!"

पलीकडून गवंडी म्हणाला, "आत्ताच तर म्हणालात चढव!"

"आता म्हणतोय उतरव!"

"म्हणजे पाडू?" गवंड्याने विचारलं. इतकी उमेद मी त्याच्या आवाजात आधी कधी ऐकली नव्हती.

मग मी दादाला कचेरीचं सांगितलं. वाट, नळ, एक दार, सगळं. मला वाटलं, तो चिडेल. तो वहिनीला म्हणाला, "इस्त्रीचा शर्ट दे."

आम्ही दोघं भाऊ रिक्षाने कचेरीत गेलो. कितीतरी वर्षांनी दोघं एका वाहनात बसलो होतो. तो काठी टेकत आत शिरला, आणि शिरताच त्याने खोलीभर नजर फिरवली. नोकरीची खोड, दुसरं काय. मी त्या खोलीत तासभर बसून आलो होतो. मला फक्त अधिकारी दिसले होते.

अधिकाऱ्यांनी पुन्हा तेच ऐकवलं. दोन दारं असलेली जागा म्हणजे वाट. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्या पाठीमागे ते दार कसलं?"

"ते? ते नोंदणी विभागात जातं."

"आणि आम्ही आलो ते?"

"ते व्हरांड्याचं."

तेवढ्यात चहावाला व्हरांड्याच्या दाराने शिरला, अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागून अंग चोरत गेला आणि पलीकडच्या दाराने निघून गेला. देवाने पाठवावा तसा आला होता तो.

"म्हणजे तुम्ही वाटेत बसला आहात," दादा म्हणाला. "वाटेत टेबल, वाटेत कपाटं, वाटेत पंखा. माझी सगळी नोकरी अडलेल्या वाटा मोकळ्या करण्यात गेली. आता तुम्हीच सांगा. ही खोली असेल तर आमचीही खोली आहे. वाट असेल तर उठा, टेबलाची एक बाजू मी धरतो."

आणि त्याने खरंच काठी मला दिली, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि टेबलाच्या कडेला हात घातला. खोलीतले सगळे लोक बघत होते. नोंदणी विभागातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी पुढच्या दाराकडे बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं, आणि टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, "खोली. खोलीच आहे ही."

"कोणती?" दादाने विचारलं.

"दोन्ही."

मंजुरीचा शिक्का पडला तेव्हा माझी छाती अशी फुगली होती, की रिक्षात दोघं मावलो कसे याचंच नवल वाटतं. सबंध रस्ता मी बोलत होतो आणि दादा "हं" म्हणत होता. पण तो "हं" वेगळा होता.

काम पुढे रीतसर पुरं झालं. रीतसर म्हणजे नळ आधी उलटा बसला आणि पाणी वर छताला गेलं, एका फरशीवर गवंडी जेवायला बसला आणि ती फुटली, वेलीला एका कोपऱ्यात असं एक पान आलं जे वेलीचं नाही. मी लोकांना सांगतो, जुने कारागीर मुद्दाम असं एक पान ठेवत. लोक मान डोलावतात. दगड उंच झाला. कड्या नव्या घातल्या, गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडणाऱ्या. आणि दगडाशेजारच्या भिंतीत एक जाड पितळी दांडी बसवली. ती कशाला, असं दादाने विचारलं.

"टॉवेल टांगायला," मी म्हणालो.

दादाने दांडी धरून हलवून पाहिली. गवंडी अभिमानाने म्हणाला, "याला म्हैस बांधा, साहेब."

"टॉवेल भारी दिसतात तुमचे," दादा मला म्हणाला. पण दांडी राहिली.

पहिल्या अंघोळीचा मान अर्थातच दादाचा. त्या सकाळी सल्लागार आले, गल्लीतली दोन-चार माणसं आली. आमच्या दाराबाहेर सगळे उभे राहिले आणि मी त्यांना खिडकीची, नळाची, वेलीची हकिकत सांगत होतो. आतून कडी वाजली. दुसरी वाजली. बादली सरकली. पाणी पडायला लागलं. सल्लागार घड्याळाकडे बघून म्हणाले, "फार वेळ लावतात बुवा," आणि माझ्या लेकीने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते पेपर आणायचा आहे म्हणून निघून गेले. हळूहळू बाकीचेही पांगले.

मग पाण्याचा आवाज थांबला. माझा पाय उचलला गेला, पण मी तो खाली ठेवला आणि जागचा हललो नाही.

आतून दादाचा आवाज आला, "कोण आहे बाहेर?"

"मी आहे."

"कचेरीची वेळ झाली असेल."

"होऊन गेली."

"मग जा की."

"नाही जात."

मग पितळी दांडीवर हात पडल्याचा आवाज आला, आणि दादा, माझा दादा, ज्याने आयुष्यात कधी कोणाला आपल्यासाठी खोळंबू दिलं नव्हतं, तो म्हणाला,

"बरं, मग थांब. मला वेळ लागेल."

मी आतून खुर्ची आणली, दाराबाहेर मधोमध ठेवली आणि ऐटीत बसलो.